अश्वत्थाम्याचं तेल आणि भास्कराचार्यांचं चाक

अश्वत्थामा आमच्या भागात अजून तेल मागत फिरतो. सातपुड्यात, तळोदा-धडगावच्या डोंगरांत अस्तंबा नावाचं शिखर आहे. धनत्रयोदशीच्या सुमाराला हजारो माणसं, त्यातली बहुतेक आदिवासी, रात्रभर चालत ते चढून जातात. कपाळावरचा मणी गेल्यापासून त्याची जखम भरलेली नाही, म्हणून तो वाटसरूकडे तेल मागतो. आणि डोंगरात कुणी वाट चुकला तर त्याला वाटेवर आणून सोडतोही तोच, असं यात्रेकरू सांगतात. तिकडे बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर, जो एके काळी खान्देशच्या फारुकी सुलतानांचा गड होता, तिथल्या महादेवाला पहाटे कुणी जायच्या आत तो फूल वाहून जातो म्हणतात.

हाच अश्वत्थामा २०२४ च्या पावसाळ्यात ‘कल्की २८९८ एडी’ या चित्रपटातून पडद्यावर आला. कुरुक्षेत्राला सहा हजार वर्षं उलटून गेल्यानंतरची काशी, तिच्या डोक्यावर तरंगणारा उलटा पिरॅमिड, हवेत उडणाऱ्या गाड्या, माणसाशी हुज्जत घालणारं वाहन. आणि या सगळ्या पसाऱ्यात अमिताभ बच्चनचा भलामोठा अश्वत्थामा उठून उभा राहतो, चिंध्यांत गुंडाळलेला. नंदुरबारच्या थिएटरात माझ्या मागच्या रांगेत बसलेल्या एका वयस्क माणसानं त्या क्षणी हात जोडले. माझ्या शेजारी माझा भाचा होता. इंजिनिअरिंगला आहे, मित्रांबरोबर अस्तंब्याला जाऊन आलेला आहे. मध्यंतरात त्यानं विचारलं, “आत्या, हा सायन्स फिक्शन म्हणायचा की फँटसी?” त्याच्या मित्रांनी तिथल्या तिथं वाटणी करून टाकली: गाड्या सायन्स फिक्शनच्या, शाप फँटसीचा. मला ती वाटणी पटली नाही, आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून गेलेला नाही. दोन्ही प्रकारचे चित्रपट मी लहानपणापासून सारख्याच ओढीनं पाहत आले आहे, त्यामुळे हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा आहे.

पहिली कसोटी सगळ्यांना सुचते ती सामानाची. यान, रोबो, लेझर दिसले की विज्ञानकथा. तलवार, राजवाडा, मांत्रिक दिसला की अद्भुतकथा. ही कसोटी सगळ्यात गाजलेल्या उदाहरणापाशीच मोडते. ‘स्टार वॉर्स’ १९७७ साली आला. त्यात यानं आहेत, अख्खा ग्रह उडवून देणारं शस्त्र आहे, यंत्रमानवांची जोडी आहे. पण गोष्ट बघा. काका-काकूंच्या शेतावर वाढलेला मुलगा, त्याच्या हाती बापाची तलवार देणारा म्हातारा गुरू, कैदेतली राजकन्या, काळ्या चिलखतातला सरदार, आणि चराचर व्यापून राहिलेली एक शक्ती. यानं काढून त्यांच्या जागी सारंगखेड्याच्या बाजारातले घोडे उभे केले तरी एकही प्रसंग अडत नाही.

दुसरी कसोटी जरा शहाणी वाटते: शक्य काय आणि अशक्य काय. जे उद्या घडू शकेल ती विज्ञानकथा, जे कधीच घडणार नाही ती अद्भुतकथा. हा वाद जुना आहे. ज्यूल व्हर्ननं १८६५ साली आपली माणसं तोफेतून चंद्राकडे पाठवली. एच. जी. वेल्सनं १९०१ साली गुरुत्वाकर्षण अडवणारा एक धातूच कल्पिला आणि त्याच्या जोरावर यान उडवलं. व्हर्नला ते रुचलं नव्हतं. मी पदार्थविज्ञान वापरतो, हे गृहस्थ नवा धातू शोधून काढतात, तो धातू मला दाखवा, असं त्याचं म्हणणं होतं. पण व्हर्नच्या तोफेतून निघालेली माणसं नळीतून बाहेर पडायच्या आत त्या भयंकर झटक्यानं चिरडून गेली असती, हेही पदार्थविज्ञानच सांगतं. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका १९६६ मध्ये सुरू झाली; तिच्यातलं यान प्रकाशाला मागे टाकतं, आणि माणूस यानातून विरघळून खाली ग्रहावर पुन्हा उभा राहतो. दर आठवड्याला यान उतरवून दाखवण्याचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून ही युक्ती काढली होती. शक्यतेच्या कसोटीवर हे सगळे नापास. तरी यांतल्या कुणालाही अद्भुतकथेच्या रांगेत बसवायला मन घेत नाही.

माझं म्हणणं असं आहे. अद्भुतकथेतल्या जगाला तुम्ही कोण आहात हे ठाऊक असतं. तुमचं कूळ, तुमचं तप, तुमचं पाप, तुम्ही दिलेला शब्द, तुमच्या आजोबांनी मोडलेला शब्द, सगळं त्या जगाला ठाऊक असतं, आणि ते त्याप्रमाणे तुमच्याशी वागतं. विज्ञानकथेतल्या जगाला तुमची ओळख नसते. तिथला नियम राजाला आणि चोराला एकच.

‘मिस्टर इंडिया’ आठवून बघा. १९८७ चा चित्रपट, आमच्या पिढीनं गावच्या व्हिडिओवर पाहून पाहून पाठ केलेला. मनगटावरचं ते यंत्र अरुणनं घातलं तर अरुण अदृश्य होतो. मोगॅम्बोच्या हाती पडलं असतं तर मोगॅम्बो झाला असता. यंत्र चांगला-वाईट बघत नाही, आणि चित्रपटातली सगळी धास्ती तिथून येते. लाल प्रकाशात मात्र तो दिसतो. या एका नियमामुळे शत्रूलाही एक फट मिळते, आणि आपण प्रत्येक प्रसंगात कोपऱ्यात लाल दिवा कुठं आहे का ते शोधत बसतो. आता एखादा विचारेल, अदृश्य माणसाला दिसणार कसं? डोळ्याच्या आतल्या पडद्यानं प्रकाश अडवला नाही, तर चित्र उमटणार कशावर? खराखुरा अदृश्य माणूस आंधळाच असायला हवा. आक्षेप अगदी बरोबर आहे. पण तो घ्यावासा वाटला, घेता आला, यातच त्या गोष्टीची जात कळते. मांत्रिकानं दिलेल्या टोपीबद्दल असा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही, कारण टोपीनं तसं काही कबूलच केलेलं नसतं.

आता ‘कल्की’कडे वळू. अश्वत्थाम्याची काठी नायकाच्या, भैरवाच्या हाती येते आणि त्याच्यात दडलेला कर्ण जागा होतो. काठीनं माणूस ओळखला. ही शुद्ध अद्भुताची रीत. पण त्याच चित्रपटाच्या शेवटी प्रयोगशाळेत गर्भातून काढलेल्या द्रवाचा एक थेंब यास्किन या खलनायकाच्या अंगात जातो आणि गांडीव त्याच्या हाती येतं. इथं मी खुर्चीत पुढे सरकून बसले. ज्या धनुष्याला पेलणाऱ्याची पात्रता कळते, ते धनुष्य सुईनं मिळवलेल्या ताकदीला कसं काय वश झालं? त्याला ओळखता येत नाही की काय? उडत्या गाड्या आणि शाप एका चित्रपटात आले म्हणून काही बिघडत नाही. खरी टक्कर या थेंबात आहे. एक जग माणसाला ओळखणारं, दुसरं न ओळखणारं, आणि दोघांची गाठ एका धनुष्यावर पडली आहे. पुढच्या भागात या धनुष्याचं उत्तर काय देतात, यावर तो चित्रपट कशाचा आहे ते ठरेल. भाच्याला मी एवढंच सांगितलं की वाटणी गाड्यांवर आणि शापावर करू नकोस, त्या थेंबावर कर.

हा फरक मला नेमका कळला तो चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला. डोंगराच्या पायथ्याशी, गौताळ्याच्या जंगलाच्या कडेला हे ठिकाण आहे. देवीसाठी माणसं येतात, धबधब्यासाठी येतात. भास्कराचार्यांसाठी येणारी थोडी. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारात ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यानं इथं मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. १२०७ सालच्या आसपासचा तसा शिलालेख इथं सापडला; डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. आमच्या खान्देशात आठशे वर्षांपूर्वी गणित आणि आकाश शिकवण्यासाठी मठ होता आणि त्याच्या खर्चाची तजवीज दगडावर कोरलेली होती, हे मला कुठल्याही भुयारी खजिन्यापेक्षा जास्त रोमांचक वाटतं.

भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त यंत्रांवर एक अध्याय आहे आणि त्यात आपोआप फिरणाऱ्या चाकाची कृती आहे. हलक्या लाकडाचं चाक घ्यायचं. त्याला सारख्या अंतरावर, सारख्या पोकळीच्या आणि जराशा वाकड्या आऱ्या बसवायच्या. प्रत्येक आरीची अर्धी पोकळी पाऱ्यानं भरायची. चाकाचा आस दोन आधारांवर ठेवायचा. मग ते चाक स्वतःच फिरत राहतं, असं आचार्य म्हणतात. कल्पना अशी की एका बाजूचा पारा कडेकडे सरकेल, दुसऱ्या बाजूचा आसाकडे, त्यामुळे एक बाजू कायम जड राहील.

ते फिरत नाही. हातानं गती दिली तर काही वेळ फिरेल, मग थांबेल. जड बाजूचा पारा आसापासून लांब असतो हे खरं, पण हलक्या बाजूला आऱ्यांची संख्या जास्त भरते आणि तोल साधतो. बाहेरून काही न घेता काम करत राहणारं यंत्र का होऊ शकत नाही, याचा नियम जगाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नीट मांडता आला.

आणि तरीही मी त्या चाकाला जादू म्हणणार नाही. कृती दिली आहे. लाकूड कोणतं, आरी कशी, पारा किती. करणाऱ्यानं उपवास करावा असं नाही, अमुक कुळात जन्मलेला असावा असं नाही. पाचोऱ्याच्या सुतारानं केलं तरी चालेल, न चालल्यास आचार्यांचंच चुकलं असं ठरेल. चूक ठरण्याची तयारी ठेवून केलेली कल्पना, ही माझ्या लेखी विज्ञानकथेची खरी खूण. व्हर्नची तोफ चुकली, वेल्सचा धातू चुकला, मिस्टर इंडियाचे डोळे चुकले. अस्तंब्याचा अश्वत्थामा मात्र चुकू शकत नाही. तेल मागायला कुणी आलं नाही तर यात्रेकरू म्हणतो, आमचं भाग्य नव्हतं. इथं मला कुणाला कमी लेखायचं नाही. त्या डोंगरावर भाग्य, श्रद्धा, पायांचे फोड यांनाच अर्थ आहे आणि ती गोष्ट त्यांचीच आहे. तिला चाकाच्या कसोट्या लावू नयेत, आणि चाकाला तिच्या लावू नयेत.

कारण सांगितलं की विज्ञान झालं, असाही एक समज चित्रपटवाल्यांत दिसतो. ‘स्टार वॉर्स’च्या १९९९ च्या भागात त्या सर्वव्यापी शक्तीचं स्पष्टीकरण दिलं: रक्तातल्या पेशींमध्ये सूक्ष्म जीव असतात, ज्याच्यात जास्त तो जास्त बलवान. लहानग्या अ‍ॅनाकिनचं रक्त तपासतात आणि आकडा वीस हजारांच्या वर निघतो. कितीतरी चाहते चिडले, आणि ते मला रास्त वाटतं. गोष्ट होती तशीच राहिली, निवडलेल्या मुलाची. फक्त निवड देवाऐवजी रक्ततपासणीनं सांगितली. उलट ‘ड्यून’ बघा, २०२१ आणि २०२४ चे दोन भाग. वाळवंट, भाकितं, अवताराची वाट पाहणारी जमात, सगळं अद्भुताचं. पण ती भाकितं एका संघानं पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम पेरलेली आहेत आणि तो तारणहार वंश जुळवून जुळवून घडवलेला आहे. जगानं त्याला ओळखलेलं नाही. माणसांनी तशी व्यवस्था केली आहे. म्हणून मी त्याला विज्ञानकथेत बसवते, त्यात यंत्रं फारशी नसली तरी.

लहानपणी टीव्हीवर हे दोन्ही प्रवाह एकाच आठवड्यात यायचे. ‘शक्तिमान’ १९९७ मध्ये सुरू झाला. यावल तालुक्यातल्या आमच्या गावात लाइट असेल त्या घरी पोरांची दाटी व्हायची. शक्तिमानची शक्ती पंचतत्त्वांची, योगाची, जागृत कुंडलिनीची. ती त्याला मिळाली कारण तो त्या कामासाठी निवडलेला होता. आणि त्याच्यासमोर उभा डॉक्टर जैकाल, प्रयोगशाळेत काहीबाही घडवणारा. निवडलेला तो चांगला आणि शिकलेला तो वाईट, ही विभागणी तेव्हा कळली नव्हती, आज टोचते. गल्लीतल्या मुलांना स्वतःभोवती गिरक्या घेता यायच्या, पण त्यांतल्या कुणाला प्रयोगशाळेत जावंसं वाटेल असं त्या मालिकेत फार थोडं होतं. त्याच सुमाराचा ‘कॅप्टन व्योम’ आम्हाला तितका चढला नाही, पण ग्रहांमधली अंतरं ही खरोखर अंतरं असतात, तिथं जायला वेळ लागतो, एवढं त्यानं डोक्यात घातलं.

‘चंद्रकांता’ची गोष्ट त्याहून नवलाची. देवकीनंदन खत्रींची मूळ कादंबरी १८८८ ची. तिच्यातलं तिलिस्म म्हणजे कळा, चक्रं, गुप्त दारं. ऐयार, म्हणजे राजांचे वेषधारी हेर, बेशुद्ध करतात ते औषधाच्या पुडीनं, वेश पालटतात ते रंग आणि दाढीमिशांनी. शोधत गेलं की प्रत्येक चमत्काराखाली कुणीतरी बसवलेली कळ निघते. १९९४ मध्ये दूरदर्शननं ती घराघरात नेली तेव्हा तिच्यात नागिणी, सिद्धी, डोळ्यांतून निघणाऱ्या ज्वाळा आल्या. मला ती मालिका आवडायची. पण मोठेपणी कादंबरी हाती आली तेव्हा वाटलं, शंभर वर्षांपूर्वीचा लेखक वाचकाला “खाली बघ, कळ आहे” म्हणत होता, आणि आम्हाला कळ झाकून दाखवली गेली.

आता ज्याबद्दल मला तळमळीनं बोलायचं आहे ते सांगते. भागवतात ककुद्मी राजाची गोष्ट आहे. मुलगी रेवती लग्नाची झाली, तिच्यासाठी वर कोण ते विचारायला राजा तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथं गाणं चाललं होतं. क्षणभर थांबला. गाणं संपल्यावर विचारलं तर ब्रह्मदेव हसले. म्हणाले, तुझ्या मनात ज्यांची नावं आहेत त्यांची नातवंडं-पतवंडंही उरली नाहीत, खाली सत्तावीस चतुर्युगं होऊन गेली. मग त्यांच्या सांगण्यावरून रेवती बलरामाला दिली. विष्णुपुराणात तर पुढचंही आहे: ती जुन्या युगातली, म्हणून फार उंच, बलरामानं नांगराच्या टोकानं तिला आपल्या काळाच्या मापात आणलं. किती सुंदर कल्पना आहे ही. काळ सगळीकडे सारखा वाहत नाही, आणि दुसऱ्या काळातून आलेल्या बाईला या काळात मावण्यासाठी लहान व्हावं लागतं.

‘इंटरस्टेलर’मध्ये, २०१४ सालच्या, पृथ्वीवरचा बाप कृष्णविवराजवळच्या ग्रहावर उतरतो. तिथला एक तास म्हणजे घरची सात वर्षं. परत यानात येतो तेव्हा तेवीस वर्षं झालेली असतात आणि तो मुलांचे साठलेले निरोप बघत रडतो. या चित्रपटामागे किप थॉर्न हे शास्त्रज्ञ होते. २०१७ चं नोबेल ज्यांना गुरुत्वलहरींच्या शोधासाठी मिळालं त्यांच्यातले एक. ग्रह विवराच्या किती जवळ असला, विवर किती वेगानं फिरत असलं तर एका तासाची सात वर्षं होतील, हे त्यांनी मांडून दाखवलं.

चित्रपट आला तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक कौटुंबिक ग्रुपवर रेवतीची गोष्ट फिरते आणि तिच्याखाली ओळ असते की हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. मला याचं फार वाईट वाटतं, आणि ते विज्ञानासाठी कमी, रेवतीसाठी जास्त. पुराणकारानं एका बापाचा गर्व आणि त्याची माया यांची गोष्ट सांगितली. जिला जोडीचा वर या जगात नाही अशा मुलीची गोष्ट सांगितली. विश्वाच्या मालकाला राजाचं येणं माहीत होतं, त्याचं थांबणं माहीत होतं, आणि तिच्यासाठी पुढच्या युगात कोण वाट पाहतोय तेही माहीत होतं. ते जग रेवतीला ओळखतं. कृष्णविवर कुणाला ओळखत नाही. त्या ग्रहावर तुम्ही उतरा, मी उतरू, एखादा दगड पडू दे, हिशेब तोच. रेवतीच्या गोष्टीला समीकरणाची पूर्वतयारी ठरवलं की तिच्यातलं सगळं बाईपण, बापपण, हसू निघून जातं, आणि तिकडं समीकरण मांडणाऱ्याचे कष्टही बुडतात. दोघांचंही नुकसान करणारा असा अभिमान मला नको आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या त्या याच शिस्तीनं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, म्हणजे परीक्षकांनी नाव बघून निवडू नये. कथा होती कृष्णविवराचीच, आणि ती बक्षीस घेऊन गेली.

दोन्ही जगं एकत्र आणणं वाईट नसतं, हे मला आरती कदव यांच्या ‘कार्गो’नं पटवलं. पुष्पक नावाच्या यानात एक राक्षस नोकरीला आहे. मेलेली माणसं त्याच्याकडे येतात. त्यांच्या जखमा बऱ्या करायच्या, आठवणी पुसायच्या आणि पुढच्या जन्माला पाठवायचं. यंत्र खडखडतं, वरिष्ठांचे फोन येतात, रजिस्टर भरायचं असतं. मेलेला कोण होता याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही. पुनर्जन्मासारख्या पूर्ण श्रद्धेच्या गोष्टीला न ओळखणाऱ्या जगात आणून ठेवलं, आणि म्हणूनच त्या यानातला एकटेपणा इतका खोल जातो. मराठीत सुजय डहाकेच्या ‘फुंतरू’नं २०१६ मध्ये उलट बाजूनं तेच करून पाहिलं: कॉलेजात भूत दिसतं आणि त्या भुताखाली होलोग्रामचं तंत्र असतं. चित्रपट सगळा जमलाय असं नाही. पण भूत दाखवून ते कसं बनवलं तेही सांगायची हिंमत मराठी पडद्यावर दुर्मिळ आहे, म्हणून तो मला प्रिय आहे.

आणि मालेगाव. यंत्रमागांवर खपणाऱ्या पोरांनी सुपरमॅन उडवला, हिरव्या कापडापुढे. ते २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात बघायला मिळतं. सुपरमॅनचं मूळ खरं तर न ओळखणाऱ्या जगातलं आहे. त्याच्या ग्रहावरचा कुणीही आपल्या सूर्याखाली आला की उडेल, खलनायकसुद्धा. मालेगावच्या त्या किडकिडीत पोराला मात्र कुठल्याच सूर्यानं काही दिलेलं नव्हतं. मित्रांनी धरलं म्हणून तो उडाला.

राहिली आमची केळी. रावेर-यावल पट्ट्यात कुठल्याही रोपवाटिकेच्या शेडनेटमध्ये शिरा. काळ्या पिशव्यांतून जी-नाईन या केळीच्या जातीची टिश्यूची रोपं रांगेनं उभी असतात. वीतभर उंची, चार-पाच पानं, कोवळ्या पानांवर किरमिजी डाग. हात लावला तर पान गार आणि मेणचट लागतं. सगळी एका वयाची, एका मापाची, आणि आतून अगदी एकच. एकाच झाडाच्या कणांपासून बाटलीत वाढवलेली. घडही बरोबरीनं निसवतात, व्यापाऱ्याला तेच हवं असतं. जगात पूर्वी ग्रॉस मिशेल नावाची केळी चालायची. पनामा मर या रोगाच्या बुरशीनं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिच्या बागा बसवल्या, कारण एका झाडाला जे मारतं ते सगळ्यांना मारतं. तिच्या जागी जी जात आली त्याच घराण्यातली ही आपली जी-नाईन. आता त्या बुरशीचा नवा प्रकार हिलाही धरतो, आणि तो बिहार-उत्तर प्रदेशातल्या बागांत पोचलेला आहे.

यातून दोन चित्रपट निघतात आणि दोन्ही मला बघायचे आहेत. एकात म्हातारा बाप तापीकाठच्या साती आसरांना बोललेला नवस विसरतो. बाग त्याच रात्री बांधापासून पिवळी पडायला लागते. गावातल्या कुणालाच काही करता येत नाही, कारण शब्द त्या घराचा आहे. धाकटी मुलगी एकटी डोहावर जाते, आसरा तिला आजीच्या नावानं हाक मारतात आणि मागतात ते नारळ-खणापेक्षा फार महाग असतं. हा चित्रपट कुणी ना कुणी करेल, आपल्याकडे त्याचे कसबी लोक आहेत.

दुसऱ्यात तीच मुलगी कृषी पदवीधर आहे. पानाची कड पिवळी दिसते, ती खोड आडवं कापते, आत तपकिरी वर्तुळं. बुरशी चिखलातून जाते: बुटांना लागून, ट्रॅक्टरच्या टायरला लागून, पाटाच्या पाण्यातून. म्हणजे पंचक्रोशीत देवमाणूस म्हणून ज्याची ख्याती त्या शेजाऱ्याची बाग आधी जाणार, आणि फसवून रोपं विकणाऱ्याची कदाचित वाचणार, कारण त्याची चढावर आहे. सातपुड्याच्या कपारीतल्या रानकेळीपासून वाण काढू म्हणून ती धावते, आणि मग कळतं की रानकेळ वेगळ्या प्रजातीची, या केळीशी तिचा संकर होत नाही. तो रस्ता बंद. उरतो एकच: सगळ्यांच्या बागांत जायचं थांबवायचं, सगळ्यात आधी स्वतःच्या बापाचं, ऐन कापणीत, सावद्याला माल भरायची गाडी लागलेली असताना. बाप म्हणतो, “कसं व्हयनं हाई?” आणि तिला त्याला कुणाचाही दोष न दाखवता ते समजावून सांगायचं असतं. हा प्रसंग मराठीत अजून कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. कुणी लिहायला घेणार असेल तर फैजपूरजवळ माझ्या भावाची बाग आहे. खोडाचा काप कसा घ्यायचा, निरोगी खोड आतून कसं पांढरंशुभ्र दिसतं, घड उतरवताना माणसं काय बोलतात, हे सगळं तो दाखवील. फक्त बांधावर येताना बूट धुवून यावं लागेल.